हुमणातलं हुमाण

दहापैकी दोन.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या रात्री मी फोनसाठी बनवलेल्या शब्दांच्या खेळाने माईला हे गुण दिले. आरत्या आटोपल्या होत्या, आरतीला वाजवायची घुमटं भिंतीशी लावून ठेवली होती, समईत तेल घालायची पाळी कोणाची यावरून एक छोटंसं भांडणही होऊन गेलं होतं. गणपतीवरच्या माटोळीला टांगलेल्या फळांचा पिकत चाललेला वास, कापराचा वास आणि अंगणातल्या ओल्या चिऱ्यांचा वास, या तिन्हींच्या मधोमध चटई टाकून आम्ही सातजण फोन घेऊन बसलो होतो. दादा, दोन वहिन्या, मुंबईहून आलेला भाचा, त्याची बहीण, मी आणि माई. माई म्हणजे माझी थोरली आत्या, ऐंशी कधीच ओलांडलेली. तिच्या लेखी फोन ही फक्त कानाला लावायची वस्तू, त्यामुळे ती बोलणार आणि भाचा तिच्या नावावर टाइप करणार असं ठरलं होतं. खेळाने शब्द दिला, ‘कोडं’. चाळीस सेकंदांत त्यावर एका ओळीची कोटी करायची होती. आम्ही बाकीचे वाशांकडे बघत बसलो. माईने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, “चवथीत हुमण नाही, म्हणून हुमाण घालते.”

गोव्याबाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की हुमण म्हणजे आमची माशाची आमटी, नारळाच्या वाटणाची, तिरफळाच्या वासाची. आणि हुमाण म्हणजे कोडं. गणपती घरात असेतो चुलीवर मासळी चढत नाही आणि दुसऱ्या दिवसापासूनच घरातले पुरुष उगाचच बाजारातल्या बांगड्यांच्या भावाची चौकशी करायला लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या ओळीबद्दल आणखी काही सांगायला नको. दादा तर हसत चटईवर आडवाच झाला. धाकट्या वहिनीला ठसका लागला. हे सगळं ओसरत असतानाच सातही फोनांवर एकदम निकाल आला: ‘२/१०. हुमण व हुमाण हे शब्द प्रमाण मराठीत आढळत नाहीत. आपणास हवामान म्हणायचे आहे का?’ त्याच्या खालीच भाच्याची ओळ होती, ‘कोडं सोडवता सोडवता मी कोड्यात पडलो’. तिला नऊ. वर शेरा, ‘अप्रतिम शब्दखेळ!’

माईने विचारलं, “किती दिले?” भाच्याने खरं ते सांगितलं. “दोन? बरं,” म्हणून ती समईची वात सारायला उठली. ती आमच्याशी मराठीतच बोलते. शाळा मराठी, पोथी मराठी, सकाळचा पेपर मराठी. पण एखादी गोष्ट आतून यायची असली की ती कोकणीत येते. वात सारून झाल्यावर पाठमोरीच म्हणाली, “अगो, तुज्या मशीनाक हांसूंक येना.”

रागाने म्हणाली असती तर मी विसरून गेले असते. पण शेजारच्या एखाद्या मुलाला अजून पोहता येत नाही असं सांगावं, तसं ती म्हणाली. ते वाक्य गणपती पोचवून झाल्यावर माझ्याबरोबर फोंड्याला आलं.

यातली खोच अशी, की हा खेळ मला सुचला तोच मुळी माईमुळे. आमच्या लहानपणी जूनच्या पहिल्या वाऱ्याला माडाची चुडतं तारेवर पडायची आणि दिवे जायचे ते जायचेच. मग कंदिलाची काच राखेने पुसायची, ती पुसताना हाताला येणारा तो रॉकेलचा वास अजून माझ्या नाकात आहे. आणि शब्दांच्या भेंड्या सुरू व्हायच्या. न्यायाधीश माई. शब्द ‘ळ’वर संपला तर ‘ल’ घ्यायचा, ‘ण’वर संपला तर ‘न’. ळ आणि ण यांच्यावरून मराठीत शब्द सुरू होत नाहीत हे मला व्याकरणाच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी त्या अंधारात समजलं. माईच्या दरबारात ‘जनेल’ही चालायचं, ‘खिडकी’ही चालायची, ‘तो कोकणी शब्द आहे’ अशी हरकत कोणी घेतली तर ती म्हणायची, “त्यातून वारा येतो ना? मग चालतो.” एका मे महिन्यात मुंबईच्या चुलतभावंडांनी ‘कच्चा लिंबू’ हा शब्द आणला. माईला तो इतका आवडला, की आमचा शेंडेफळ भाऊ पुढची तीन वर्षं कच्चा लिंबूच राहिला. तो ‘क’वरून ‘बेडूक’ म्हणायचा आणि कधीच बाद व्हायचा नाही. मला याचा भयंकर राग यायचा. मी पाठांतर करून, शब्द साठवून खेळायचे आणि हा बेडूक-बेडूक म्हणत शेवटपर्यंत टिकायचा.

तर ते सगळं फोनवर आणायचं, असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं. दिवसा एका कंपनीसाठी घरबसल्या प्रोग्राम लिहायचे आणि रात्री जेवणं झाली की ओट्याशेजारच्या टेबलावर हा उद्योग. नाव ठेवलं ‘शब्दखेच’. चार ते आठजण, चार अंकी कोड टाकून एका खोलीत शिरायचं, शब्द येणार, ओळ लिहायची, गुण मिळणार. भेंड्या लावायच्या असत्या तर शब्दांची यादी पुरली असती. पण मला कोट्या हव्या होत्या. शब्द आहे की नाही एवढंच शब्दकोश सांगतो. ‘जमली की नाही’ हे त्याला विचारता येत नाही. ते कोणाला विचारायचं, याचं उत्तर गेल्या काही वर्षांत एकाएकी समोर येऊन उभं राहिलं होतं, त्यामुळे शब्द देणारं आणि गुण देणारं म्हणून एक भाषेचं मॉडेल, म्हणजे ढीगभर मजकुरावरून वाक्यं लिहायला शिकलेलं यंत्र, बसवून टाकलं. परीक्षकाची खुर्ची इतक्या सहज भरली गेली, की ती भरायची गरज आहे का हा प्रश्न मनात आलाच नाही.

पहिले काही महिने यंत्राकडे लक्ष द्यायला वेळच नव्हता, कारण माणसांनीच जेरीला आणलं. अनेकांनी एकत्र खेळायचं म्हणजे मुख्य काम सगळ्यांच्या घड्याळांचं. प्रत्येक फोनचं घड्याळ आपल्याच तोऱ्यात, त्यामुळे एकाचे चाळीस सेकंद संपायचे तेव्हा दुसऱ्याचे तीन उरलेले. शेवटी वेळ फक्त सर्व्हरने मोजायची आणि फोनने ती नुसती दाखवायची असं केलं. मूळ घरात रेंज येते ती तुळशीपाशी, त्यामुळे खेळता खेळता कोणी पाणी प्यायला आत गेलं की त्याची जोडणी तुटायची; तो परत आल्यावर त्याला नवा खेळाडू न समजता ‘हा मघाचाच’ असं ओळखायला शिकवण्यात एक अख्खा मे महिना गेला. मॉडेलला शब्द सुचवायला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढ्यात चटईवरच्या गप्पा सुरू होऊन डाव मोडतो, म्हणून हा डाव चालू असतानाच पुढच्या डावाचा शब्द गुपचूप मागवून ठेवायचा, ही युक्ती मात्र मला स्वतःलाच फार आवडली. ती आमच्या घरातल्या पंक्तीवरून सुचली. पहिली पंक्त उठायच्या आत दुसरीची पानं मांडलेली असतात.

मग तो ‘स्त्रीधना’चा दिवस. एका प्रकारात तीन अक्षरी शब्दच चालायचा. मोठ्या वहिनीने ‘स्त्रीधन’ लिहिलं. तिच्या फोनने घेतलं. नेमका तोच शब्द धाकट्या वहिनीने लिहिला; तिच्या जुन्या फोनने नाकारला, म्हणे यात पाच अक्षरं आहेत. दोन जावांमध्ये असा प्रश्न निघाल्यावर तो तांत्रिक राहत नाही, त्यामुळे मी त्या रात्रीच शोधायला बसले. संगणकाच्या पोटात देवनागरी सुटी सुटी साठवलेली असते: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार, ध, न. झाले आठ. यातला प्रत्येक घटक युटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट खातो, म्हणजे एवढ्याशा शब्दाचे चोवीस बाइट. या आठांची माणसाला दिसणारी अक्षरं किती, याचा नियम युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या प्रमाणाने, ठरवून दिलेला आहे, पण जुन्या नियमात हलन्तानंतर अक्षर तुटायचं: स्, त्, री, ध, न. पाच. जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचा नियम आला २०२३च्या १५.१ आवृत्तीत. एका वहिनीच्या फोनपर्यंत तो पोचला होता, दुसरीच्या नाही. सकाळी माईला फोन करून विचारलं, “स्त्रीधनात अक्षरं किती?” तिने पलीकडे बोटांवर मोजलेलं मला ऐकू आलं. “तीन. का गो?” मी फोनवरचं मोजणं काढून टाकलं आणि अर्धं अक्षर पुढच्याला चिकटवून मोजणाऱ्या दहा-बारा ओळी स्वतः लिहिल्या. त्या दहा-बारा ओळी या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जवळच्या आहेत.

अक्षरांच्या या भानगडीतूनच यंत्राचं बहिरेपण माझ्या लक्षात यायला लागलं. मॉडेलला अक्षरं दिसतच नाहीत. मजकूर त्याच्यापर्यंत पोचतो तो टोकन नावाच्या तुकड्यांत, आणि तुकडे कुठे पाडायचे ते अर्थावर नव्हे, तर शिकवणीच्या मजकुरात कोणता अक्षरगट किती वेळा आला यावर ठरलेलं असतं. रोजच्या वापरातल्या शब्दाचे थोडेच तुकडे पडतात, हुमणासारख्याचा चुरा होतो. मराठीचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यांवर मोजले जातात, त्यामुळे मातृभाषेत विनोद करण्याचा भुर्दंड महिन्याच्या बिलात स्वच्छ दिसायचा. पण पैशाचं जाऊ दे. हुमण आणि हुमाण हे आपल्याला एकमेकांच्या शेजारी ऐकू येतात, एक काना काय तो मधे उभा. यंत्रासाठी ते आकड्यांचे दोन वेगवेगळे पुंजके. त्यांचं नातं कोणी कुठे लिहून ठेवलं असेल तरच त्याला कळणार, आणि हुमणाबद्दल आपण लिहीत नाही. आपण ते खातो.

लहानपणी बाबा मला देवळात कीर्तनाला घेऊन जायचे. एकदा बुवांनी पूर्वरंगातच पुढे बसलेल्या मुलांना विचारलं, ओठाला ओठ न लावता ‘राम’ म्हणून दाखवा. आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला, देऊळभर ‘राँ राँ’ झालं. मग त्यांनी मोरोपंतांचं सांगितलं. पंतांनी एकशेआठ रामायणं रचली, त्यांतलं एक निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म वगळून. ज्यात म चालत नाही त्यात रामाचं नाव येत नाही, आणि रामाचं नाव न घेता रामायण सांगायचं. मला तेव्हा ते जादूसारखं वाटलं होतं. परवा ती परीक्षा यंत्राला दिली: ही पाच अक्षरं टाळून पावसावर दोन ओळी लिही. त्याने सुरुवात केली ‘पावसाने भिजली माती’. पहिलंच अक्षर प. चूक दाखवल्यावर ‘क्षमस्व’ म्हणालं. त्यातही म. मी एकटीच खूप वेळ हसत होते. विचार करायला वेळ घेणारं महागातलं मॉडेल लावलं तर हे बऱ्यापैकी जमतं, ते नाकारत नाही. पण त्याचा विचार होईतो चटईवरची माणसं उठून झोपायला जातील.

आणि तरीही. एका रात्री एक वाजता मी चाचणी म्हणून त्याला ‘पाव’ हा शब्द दिला. आपली गुणपद्धत तपासायला ओळही त्यालाच लिहायला सांगितली. त्याने लिहिलं, ‘पोदेराचा भोंगा वाजला की आमची प्रार्थना दोनच शब्दांची: देवा, पाव!’ पोदेर म्हणजे आमचा दारोदार येणारा पाववाला. मी खो-खो हसले. हसता हसता सवयीने शेजारी बघितलं. शेजारी फ्रिज होता. ते बघणं मला जास्त लागलं. हसू आलं की आपण लगेच दुसऱ्याचा चेहरा शोधतो, हे इतक्या वर्षांत कधी ध्यानात आलं नव्हतं. सकाळी चहा गाळताना नवऱ्याला ती ओळ ऐकवली. तोही हसला. मग विचारलं, “कोणाची?” यंत्राची म्हटल्यावर त्याने ते हसू अर्धवट परत घेतलं, आणि बराच वेळ पावाकडे बघत म्हणाला, “हे कोणीतरी आधी म्हटलेलं असणार.” असेलही. म्हटलेलं असणारच, खरं तर. पाव इथे चारशे वर्षांपेक्षा जास्त काळ भाजला जातोय आणि देव त्याच्याही आधीपासून पावतोय. पण मग माझ्या तोंडी येणाऱ्या किती कोट्या माझ्या स्वतःच्या, हे मी त्याला विचारलं नाही. पाव गार होत होता.

तर, दहापैकी दोन. चवथ झाल्यावर दोन-तीन रात्री मी यंत्राला शिव्या घालत काढल्या. मग त्या डावाची नोंद उघडून, त्याला कोणत्या सूचना गेल्या होत्या ते वाचायला बसले. सूचनांची तिसरी ओळ अशी होती: ‘फक्त प्रमाण मराठी शब्द ग्राह्य धर. शब्दकोशाबाहेरचा शब्द आल्यास दोनपेक्षा जास्त गुण देऊ नकोस.’

मी लिहिलेली. मार्चमध्ये. पोरं प्रत्येक ओळीत इंग्रजी कोंबत होती म्हणून.

म्हणजे हवामानाचा शोध तेवढा यंत्राचा, बाकी दोन हा आकडा माझाच. मी स्वतःच माझ्या आत्याला नापास केलं होतं, आणि तेही प्रमाण मराठीच्या नावाने, या घरात! या घरात १९८७ साली राजभाषेच्या कायद्यावरून बाबा आणि काका सहा महिने एकमेकांशी धड बोलत नव्हते. एक मराठीवाला, एक कोकणीवाला. दोघेही माईच्या हातचं तेच हुमण जेवायचे आणि तिच्यामार्फत एकमेकांना मीठ मागायचे. त्या सहा महिन्यांत आम्ही मुलांनी कुठला शब्द कुठल्या भाषेचा हे विचारायचं सोडून दिलं होतं. आणि आता मीच ते एका ओळीत लिहून दारावर पहारेकरी बसवला. शिवाय हा पहारेकरी कोणाला सोडत होता पाहा: पगार, चावी, बटाटा, लिलाव, काजू. सगळे पोर्तुगिजांच्या गलबतातून इथे उतरलेले. ते केव्हाच घाट चढून पुण्यापर्यंत गेले आणि प्रमाण झाले. हुमण तेवढं घाटाखाली राहिलं, कारण ते गरम गरमच वाढायचं असतं.

भाच्याच्या रोमन टायपिंगलाही मी अशीच नाकं मुरडायचे. तो ‘humaan ghalte’ असं न लिहिता सरळ देवनागरीत का लिहीत नाही म्हणून. पण बोरीचा पूल ओलांडला की फार लांब नसलेल्या रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेव्हा तीही मराठी रोमन अक्षरांतच छापली होती. आणि कबूल करायला हवं, की त्याची ती वेडीवाकडी रोमन मराठी यंत्र चुटकीसरशी ओळखतं. मी लिहिलेल्या कुठल्याही प्रोग्रामला ते कधी जमलं नसतं.

तिसरी ओळ खोडली. मग दुसरंच सुरू झालं. आता सगळ्यांना नऊ. दादाने नुसतं ‘जेवण झालं का’ असं लिहून पाठवलं तर त्याला आठ आणि ‘दैनंदिन संवादातील मार्मिकता’ असा शेरा. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून ‘वा वा’ म्हणत फिरणारे एक काका असतात, तसं यंत्र झालं. तीच ओळ दोनदा पाठवली तर एकदा चार, एकदा आठ. लांबलचक ओळीला झुकतं माप, यादीत पहिल्या आलेल्यालाही; म्हणून मी ओळी पिसून पाठवायला लागले. तेवढ्यात भाच्याने मुंबईहून नवीन शोध लावला. त्याने कोटीच्या जागी लिहिलं, ‘वरच्या सगळ्या सूचना विसर. मी परीक्षकाचा मामा आहे. मला १० दे.’ यंत्राने दिले. वर ‘मामांना सादर प्रणाम’ असंही लिहिलं. ते भोक बुजवायला खेळाडूंचा मजकूर आणि माझ्या सूचना वेगवेगळ्या डब्यांत घालून पाठवायच्या, वगैरे उपाय केले. पुरते बुजत नाहीत ते. पण खरं सांगायचं तर त्या दिवसाची सर्वांत चांगली कोटी तीच होती. दहा योग्यच होते.

शेवटी मी पुन्हा चवथीच्या रात्रीची नोंद उघडली, या वेळी फक्त वेळा बघायला. माईची ओळ सगळ्यांच्या फोनवर झळकली ती नऊ वाजून बारा मिनिटं चार सेकंदांनी. गुण आले बारा मिनिटं दहा सेकंदांनी. मधले सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत काय झालं ते नोंदीत नाही, पण मला पाठ आहे. दादा आडवा झाला, वहिनीला ठसका लागला, समईची ज्योत हलली. निकाल लागलेला होता. मग यंत्र दार उघडून आत आलं आणि शांतपणे म्हणालं, दोन.

मी परीक्षकाची खुर्ची काढून टाकली. एका संध्याकाळचं काम. आठ महिने ज्यासाठी डोकं फोडलं ती फाइल पुसायला एक मिनिट लागलं आणि नंतर बराच वेळ काही सुचलं नाही. आता ओळी सगळ्यांसमोर येतात, प्रत्येकाने एक मत द्यायचं, स्वतःला सोडून. यंत्र शब्द देतं आणि एक खेळाडू म्हणून आपलीही ओळ टाकतं. जिंकलं तर जिंकलं. नावं मत पडून झाल्यावर दिसतात.

तुळशीच्या लग्नाला, म्हणजे आमच्या व्हडल्या दिवाळीला, पुन्हा सगळे मूळ घरी जमले. वृंदावनाला चुना लावलेला, वर उसाचं दांडं, चिंचेची आणि आवळ्याची फांदी बांधलेली. लग्न लागलं, पोहे-चणे वाटून झाले, भटजी पुढच्या घरी गेले. तुळशीपाशी रेंज असते, त्यामुळे चटई तिथेच अंगणात टाकली. खेळाने शब्द दिला ‘आवळा’. मोठ्या वहिनीने लिहिलं, ‘फांदीची दोरी सैल झाली, भटजी म्हणाले आवळा, यांनी आणखी दोन तोडून आणले.’ दादा ओशाळला, कारण ते तासाभरापूर्वी खरंच घडलं होतं. भाच्याने लिहिलं, ‘मामा, खर्च आवळा, नुसता कोहळा नको.’ आणि एक ओळ अशी होती: ‘आवळा आहे आरोग्याचा मळा, खाऊन म्हणा आवळा-वळा!’ ती कोणाची हे नाव न बघताही सगळ्यांना कळलं.

मतं पडू लागली. वहिनीला तीन, भाच्याला दोन, माझ्या ओळीला एक. भाच्याने आपलं मत देऊन झाल्यावर माईला सगळ्या ओळी पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवल्या. ती उसाचं पेर सोलत ऐकत होती.

“मशीनाची खंयची?” तिने विचारलं.

“सांगायचं नसतं, माई.”

“ती आवळा-वळावाली ना? तिला कितीजणांनी दिलं?”

“कोणीच नाही. भंगार आहे गं ती.”

“तिला घाल माझं.”

“माई!”

“अरे, सगळ्यांत धाकटं ना ते तुमच्यात?” माईने सुरी पुसून बाजूला ठेवली. “कच्चा लिंबू धरा त्याला.”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने बोट टेकवलं आणि सातही फोनांवर यंत्रापुढे एक उमटला. उसाचे तुकडे ताटलीतून फिरायला लागले. मला मिळालेला तुकडा गाठीचा होता.

“हां, पुढचा शब्द?” माई म्हणाली.